एवढ्या पैशांत नवी गाडी आली असती

जुन्या मोटारीत जीव गुंतलेल्या माणसाला एक वाक्य घरात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि लग्नकार्यात भेटलेल्या नातेवाइकांकडून सतत ऐकावे लागते: ‘एवढ्या पैशांत नवी गाडी आली असती.’ वाक्य खोटे नसते. पत्रा कापून नवा बसवणे, इंजिन उतरवणे, रंग काढणे असे सगळे काम केले तर आकडा खरोखरच एखाद्या छोट्या नव्या गाडीच्या जवळ जातो. म्हणून ‘हौसेला मोल नसते’ असे म्हणून हा प्रश्न उडवून लावणे बरोबर नाही. विचारणारा बहुतेक वेळा त्याच घरातला असतो आणि खर्च होणारे पैसेही त्याच घरातले असतात. त्याला नीट उत्तर मिळायला हवे, आणि तसे उत्तर आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सने नवी ‘सिएरा’ बाजारात आणली तेव्हा या प्रश्नाला वेगळीच धार आली. नव्या सिएराची सुरुवातीची किंमत जाहीर झाली ११ लाख ४९ हजार रुपये. आता ज्याच्या दारात नव्वदच्या दशकातली मूळ सिएरा उभी आहे, त्याला लोक नावानिशी विचारू शकतात: तीच गाडी नवी मिळत असताना जुनीवर पैसे कशाला?

मूळ सिएरा काय होती, हे आठवल्याशिवाय याचे उत्तर देता येणार नाही. १९९१ साली ती आली तेव्हा टाटा मोटर्सचे नाव टेल्को होते आणि टेल्को म्हणजे ट्रक, असेच समीकरण होते. पिंपरीच्या कारखान्यात तयार झालेली सिएरा ही या कंपनीची पहिली प्रवासी मोटार. तिचा पाया होता ‘टाटामोबाइल’ या पिकअपचा. त्या पिकअपच्या सांगाड्यावर पुण्यातल्या अभियंत्यांनी तीन दरवाज्यांची, दणकट, तरीही देखणी गाडी उभी केली. मागच्या बाजूच्या काचा वळत वळत छतापर्यंत जात. तशी काच भारतीय रस्त्यांवर दुसऱ्या कुठल्याही गाडीला नव्हती. बटणाने वरखाली होणाऱ्या काचा आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा या गोष्टी तेव्हाच्या देशी गाड्यांत जवळपास अनोळखी होत्या. इंजिन होते १९४८ सीसीचे डिझेल. ते सुसाट नव्हते. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये त्याची सहनशीलता कळायची. मध्यमवर्गाला ती परवडत नव्हती आणि ती फार विकलीही गेली नाही. पण तिच्या मागोमाग ‘इस्टेट’ आली, १९९४ मध्ये टेल्कोचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावातली अक्षरे घेतलेली ‘सुमो’ आली आणि १९९८ मध्ये ‘इंडिका’. ट्रक बनवणारा एक मराठी मुलखातला कारखाना मोटारी बनवू लागला, त्याची पहिली खूण म्हणजे ही गाडी.

नव्या सिएरात मागच्या काचेचा तोच आभास मुद्दाम जपला आहे. म्हणजे तीस वर्षांहून जुन्या एका गाडीच्या आठवणीत आजही एवढे बळ आहे, की देशातली एक मोठी कंपनी तिच्यावर नवा माल विकू शकते. मग ती आठवण प्रत्यक्ष पत्र्याच्या रूपात जपणाऱ्याला वेडा का म्हणायचे?

आता पैशांकडे येऊ. नवी गाडी घेणाऱ्याला कोणी हिशेब विचारत नाही, म्हणून आधी तिचाच हिशेब मांडू या. समजा, बारा लाख रुपये शोरूम किमतीची पेट्रोल गाडी घेतली. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर बारा टक्के वाहनकर आहे; तो झाला १ लाख ४४ हजार. दहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता साधारण २० हजार ७५० रुपये येतो आणि पाच वर्षांत सुमारे २ लाख ४५ हजार रुपये व्याजाचे जातात. विम्याच्या कोष्टकाप्रमाणे गाडीचे मूल्य सहा महिन्यांच्या आतच पाच टक्क्यांनी घटते, वर्षभरात पंधरा टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस निम्मे होते. म्हणजे सहा लाख तिथे गेले. कर, व्याज आणि घट मिळून पाच वर्षांत जवळपास दहा लाख, महिन्याला सोळा हजारांच्या वर. यात इंधन नाही, विमा नाही, सर्व्हिसिंग नाही. गाडी रोज फिरवा किंवा झाकून ठेवा, हे पैसे जातातच. त्यांचे बिल कोणी हातात देत नाही, म्हणून ते कोणाला बोचत नाहीत.

जुन्या गाडीचे मात्र प्रत्येक बिल दिसते. आज डिझेल पंप-नोझलचे काम, पुढच्या महिन्यात रेडिएटरची जाळी, पावसाळ्यानंतर फरशीचा सडलेला पत्रा. समजा, दीड लाखाला घेतलेल्या गाडीवर चार लाखांचे काम झाले आणि पुढे वर्षाला पन्नास हजार लागत राहिले, तरी पाच वर्षांची बेरीज आठ लाख होते. वर दाखवलेल्या अदृश्य दहा लाखांपेक्षा ती कमीच आहे, आणि पाच वर्षांनी गाडीची बाजारातली किंमत घेतली तेव्हापेक्षा खाली गेलेली असण्याचे कारण नाही.

पण हिशेब इथेच थांबवला तर ती फसवणूक ठरेल. जुनी गाडी नव्या गाडीचे काम करत नाही. शाळेत सोडणे, रोज कार्यालय गाठणे, म्हाताऱ्या आईला रात्री दवाखान्यात नेणे यासाठी घरात दुसरे भरवशाचे वाहन लागतेच. म्हणून ‘नवीपेक्षा जुनी स्वस्त पडते’ हा युक्तिवाद शौकिनांनी करू नये. तो ऐकणाऱ्यालाही पटत नाही.

दुसरे समर्थन याहून घातक आहे आणि हल्ली तेच जास्त ऐकू येते: ‘ही गुंतवणूक आहे.’ काही दुर्मीळ परदेशी गाड्यांच्या किमती लिलावात कोटींवर जातात, म्हणून प्रत्येक जुन्या पद्मिनीच्या, काँटेसाच्या, सिएराच्या मालकाला आपल्याकडेही ठेवा असल्याचे वाटू लागते. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमा मूल्य कंपनी आणि मालक यांच्यात ठरवावे लागते आणि मालकाने ओतलेले लाखो रुपये त्या आकड्यात सहसा दिसत नाहीत. विकायला काढली तर गिऱ्हाईक ठरावीक आणि थोडे. ज्याने चार लाखांचे काम केले त्याला ते चार लाख परत मिळतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. याहून वाईट म्हणजे गुंतवणूक मानलेली गाडी चालवली जात नाही. ती झाकणाखाली उभी राहते, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, टाकीत गंज धरतो, टायर एका जागी बसून चपटे होतात. किंमत मात्र वाढवून सांगितली जाते आणि एखाद्या तरुण शौकिनाच्या आवाक्यातली गाडी त्याच्या हातून निसटते.

हा खर्च आहे. तो खर्च म्हणूनच मोजावा आणि खर्च म्हणूनच त्याची बाजू घ्यावी. हे पैसे कुठे जातात, हे पाहिले की ती बाजू भक्कम होते.

नव्या गाडीच्या किमतीतला मोठा वाटा कर, व्याज आणि घट यांत जातो, हे वर दिसलेच. जुन्या गाडीच्या बिलातला मोठा वाटा मजुरी असते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पार्ट शोधणारा दुकानदार, सडलेला पत्रा कापून त्या वळणाचा नवा तुकडा हाताने ठोकून घडवणारा टिंकर, न मिळणारा बुश लेथवर तयार करून देणारा कारागीर, जळलेले वायरिंग रंगांप्रमाणे नव्याने ओढणारा ऑटो-इलेक्ट्रिशियन, सीटचे मूळ शिवणकाम पाहून तसेच शिवणारा कारागीर: एका गाडीवर एवढे हात लागतात. यातले बरेचसे कौशल्य कुठल्याही अभ्यासक्रमात सापडत नाही. टॅपेटचा आवाज ऐकून फट किती आहे ते सांगणारा मिस्त्री वीस-तीस वर्षांच्या कामातून घडतो. आजच्या गाड्यांत संगणक दोष सांगतो आणि पार्ट बदलला जातो. ते गैर नाही. त्या गाड्या तशाच घडवलेल्या आहेत. पण दुरुस्त करण्याची विद्या जिवंत राहायची असेल तर दुरुस्त करण्याजोगी यंत्रे आणि त्यासाठी पैसे मोजणारी माणसे लागतात. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. जुन्या तानपुऱ्याची जवारी काढून घ्यायला गायक मिरजेला जातो तेव्हा ‘एवढ्या पैशांत इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला असता’ असे त्याला कोणी म्हणत नाही. मोटारीच्या कारागिराला तेवढा मान अजून मिळालेला नाही, एवढाच फरक.

आणि या गाड्या महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास आहेत. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली १०८९ सीसीची फियाट पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिच्यासाठी लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला माहीत झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीची वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्याच कुर्ल्यात २००१ पासून फियाटची ‘पॅलिओ’ तयार होऊ लागली. तिचे १.६ लिटरचे इंजिन आणि रस्त्याला चिकटून वळण घेण्याची ताकद यांसाठी शौकीन आजही ती शोधतात. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता. पुण्यात टेल्कोच्या आवारात १९९५ मध्ये भारतात जोडलेली पहिली मर्सिडीज तयार झाली, डब्ल्यू १२४. छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्यात स्कोडाने ‘ऑक्टाव्हिया’ जोडली आणि टर्बो पेट्रोलची ‘आरएस’ चालवलेल्या पिढीला मोटार म्हणजे काय असू शकते, हे पहिल्यांदा कळले. या सगळ्या गाड्या आज मुख्यतः खासगी माणसांच्या खिशातून चालू आहेत.

सचिनचे नाव आलेच आहे तर आणखी एक गोष्ट. २०२० मध्ये त्याने जाहीरपणे सांगितले की आपली पहिली गाडी, मारुती ८००, आता आपल्याकडे नाही, ती परत मिळाली तर आवडेल, आणि कोणाला ती ठाऊक असेल तर कळवावे. जगातली कुठलीही मोटार घेऊ शकणारा माणूस ८०० मागत होता. वापरातून आलेले मोल बाजारभावात दिसत नाही, याचा यापेक्षा स्वच्छ दाखला सापडणार नाही.

विरोधातले दोन मुद्दे मात्र खरे आहेत आणि ते टाळता येत नाहीत. पहिला सुरक्षेचा. सिएरा, पद्मिनी यांच्यात एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. नव्या गाड्यांना एबीएस २०१९ पासून सक्तीचे झाले. ज्या काळात या गाड्या घडल्या त्या काळात अपघातात पत्रा कसा चुरगळावा, याचा आजच्यासारखा विचार नव्हता. कुटुंबाला घेऊन द्रुतगती मार्गावर रोज ये-जा करायला अशी गाडी वापरणे चुकीचेच आहे, आणि जो वापरतो त्याची बाजू इथे घेतलेली नाही. दुसरा मुद्दा प्रदूषणाचा. नव्वदच्या दशकातले डिझेल इंजिन दर किलोमीटरला आजच्या बीएस-६ इंजिनाच्या कितीतरी पट धूर सोडते. पण एकूण प्रदूषण म्हणजे दर किलोमीटरचा धूर गुणिले किलोमीटर. रविवारी सकाळी बाहेर निघणारी, वर्षात हजार-दीड हजार किलोमीटर फिरणारी गाडी आणि रोज ऐंशी किलोमीटर धावणारे जुने मालवाहू वाहन यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही. शिवाय नवी गाडी घडवताना पोलाद, ॲल्युमिनियम, प्लास्टिक आणि वीज यांतून टनावारी कार्बन बाहेर पडतो; जुनी गाडी घडवताना पडलेला कार्बन कधीच पडून गेला आहे.

सरकारी धोरणाला हा फरक अजून दिसलेला नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते दुप्पट, १०,००० रुपये केले आणि आयात केलेल्या चारचाकीसाठी ८०,०००. महाराष्ट्रात यावर पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाड्या भंगारात जाव्यात, हा यामागचा उघड हेतू आहे. भंगार धोरणानुसार मालकाला नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के मिळावेत, अशी अपेक्षा आहे. देखभाल न केलेल्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांसाठी हे धोरण ठीक आहे.

दुसऱ्या टोकाला २०२१ चे ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम आहेत. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला वेगळी नोंदणी, नंबरपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे आणि दहा वर्षांची मुदत मिळते. ती गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. नियम चांगले आहेत. पण पंधरा आणि पन्नास यांच्या मधल्या पस्तीस वर्षांचे काय? १९९१ ची सिएरा पन्नाशी गाठेल २०४१ मध्ये. तोवर तिला कायद्याच्या नजरेत एकच ओळख आहे: जुने वाहन. जर्मनीत तीस वर्षांची, मूळ स्वरूपात जपलेली गाडी ‘एच’ अक्षराची पट्टी मिळवू शकते. ही सोय १९९७ पासून आहे आणि त्या गाडीला वर्षाला सुमारे १९१ युरो असा ठरावीक कर आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रस्ता कर माफ होतो. मोटारींच्या जागतिक वारसा संघटनेची, फिवाची, व्याख्याही तीस वर्षांचीच आहे. भारताने पन्नासची अट तीसवर आणावी, त्या बदल्यात वर्षाला किलोमीटरची मर्यादा घालावी, दर दोन वर्षांनी कडक तपासणी करावी. कोणताही खरा शौकीन याला विरोध करणार नाही. तो तपासणीच्या आदल्या दिवशीही गाडीखाली पडून काहीतरी घट्ट करत असतो.

पेट्रोलच्या बाबतीत तर मालकाच्या हातात फारसे काही उरलेलेच नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. नीती आयोगाच्या आराखड्यातच म्हटले होते की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत प्रश्न ॲव्हरेजपुरता नाही. रबराचे पाइप आणि सील फुगतात, कडक होतात, गळू लागतात, आणि गरम इंजिनाशेजारी गळणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. इंधनाचे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घेणे, हा आज कोणत्याही पद्मिनीवरचा सर्वात समर्थनीय खर्च आहे. कमी इथेनॉलचे पेट्रोल मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर रास्त दराने मिळाले, तर जपणाऱ्यांना मोठा आधार होईल.

कंपन्यांवरही एक जबाबदारी येते. माझ्दाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या ‘एमएक्स-५’ची दुरुस्ती योजना सुरू केली आणि तिचे भाग पुन्हा बनवायला घेतले. निसानने जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे, टोयोटाने जुन्या सुप्राचे भाग असेच पुन्हा उत्पादनात आणले. या कंपन्यांनी ओळखले की जुनी गाडी चालती राहिली तर नव्या गाडीच्या नावाला वजन येते. सिएराच्या जुन्या मालकाला आज मागची वळलेली काच फुटली तर ती मिळवण्यासाठी गावोगावच्या भंगारवाल्यांकडे विचारत फिरावे लागते. ती काच, दरवाज्यांचे रबर, मागचे दिवे, डॅशबोर्डचे तुकडे असे दहा-वीस भाग दर दोन-तीन वर्षांनी थोड्या संख्येने काढणे टाटा मोटर्सला जड नाही. नव्या सिएराच्या जाहिरातीत जुन्या सिएराला मान मिळाला; तो तिच्या मालकांपर्यंतही पोहोचावा.

हे सगळे मान्य करूनही प्रत्येकाने हा खर्च करावा, असे नाही. कर्ज काढून जुनी गाडी उभी करणे चूक आहे. मुलांची फी, घरचा आरोग्यविमा आणि अडीअडचणीची शिल्लक यांना हात न लावता जे उरते तेवढेच तिच्यावर घालावे, आणि काय घातले ते घरात सगळ्यांना माहीत असावे. लपवलेल्या बिलांनी या छंदाचे जेवढे नुकसान केले तेवढे गंजानेही केले नसेल. कामाचा क्रमही ठरवून घ्यावा: आधी ब्रेक, स्टिअरिंग, टायर, इंधनाचे पाइप आणि वायरिंग, मग इंजिन, मग पत्रा, रंग शेवटी. बरेच जण रंगापासून सुरुवात करतात आणि चकाकणारी गाडी पहिल्याच पावसात वायरिंगच्या धुराने उभी राहते. आणि घेण्याआधी आरसी बुक, नूतनीकरणाची तारीख आणि चासी नंबर उजेडात नीट पडताळावा; नंबर घासलेला किंवा पुन्हा कोरलेला दिसला, तर गाडी कितीही देखणी असो, पैसे खिशातच ठेवून परत यावे.